संत्रा-मोसंबीची पाने पिवळी पडून का गळतात? फवारणीआधी मूळ तपासा

पावसाळ्याचा जोर ओसरू लागला की वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या संत्रा पट्ट्यातून आणि जालना, छत्रपती संभाजीनगरच्या मोसंबी बागांतून एकच तक्रार सुरू होते. पाने पिवळी पडत आहेत, खाली सडा पडतो आहे, काय फवारू? या प्रश्नात "काय" आधी येते आणि "का" मागे राहते. कृषी सेवा केंद्रातून सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली येते, फवारणी होते, चार-आठ दिवस बरे वाटते आणि पाने पुन्हा पिवळी पडतात. तोपर्यंत जमिनीखाली मूळ कुजत गेलेले असते.

संत्र्याचे झाड फळावर यायला पाच ते सहा वर्षे लागतात. एवढी वर्षे पोसलेले झाड चुकीच्या निदानामुळे एका हंगामात हातचे जाऊ शकते. पाने पिवळी पडणे हा रोग नसून लक्षण आहे. ताप आला म्हणून सगळ्यांना एकच गोळी देत नाहीत, तसेच इथेही आहे. कारण शोधण्यासाठी प्रयोगशाळेच्या आधी तीन गोष्टी पुरतात: झाडावर पिवळेपणा कुठे आहे ते पाहणे, पानाची शीर पाहणे आणि फावड्याने मूळ उघडून पाहणे.

पान पिवळे होते म्हणजे काय होते?

पानाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो. नत्र आणि मॅग्नेशियम हे या हरितद्रव्याचेच घटक आहेत. लोह त्यात नसते, पण लोहाशिवाय ते तयार होत नाही. यापैकी काही कमी पडले की नवे हरितद्रव्य बनत नाही, जुने मोडत जाते आणि पानात आधीपासून असलेली पिवळी रंगद्रव्ये उघडी पडतात.

अन्नद्रव्य "कमी पडणे" म्हणजे ते जमिनीत नसणे, असे दर वेळी नसते. जमिनीत भरपूर असूनही मूळ ते उचलू शकत नाही, अशा बागा आपल्या काळ्या जमिनीत खूप आहेत. अशा ठिकाणी आणखी खत टाकल्याने खर्च वाढतो, पान हिरवे होत नाही.

गळणे ही झाडाची स्वतःची कृती आहे

पान देठाशी जिथे जोडलेले असते तिथे पेशींचा एक पातळ थर असतो. निरोगी पानाकडून ऑक्सिन हे संप्रेरक या थराकडे सतत येत राहते, तोवर जोड घट्ट राहतो. पान म्हातारे झाले, आजारी पडले किंवा मुळावर संकट आले की ऑक्सिन कमी होते, इथिलीन वाढते, थरातील पेशी सुटतात आणि पान गळते. गळण्यापूर्वी झाड त्या पानातील नत्राचा बराच भाग परत काढून घेते. जुने पान पिवळे होऊन गळते ते यामुळेच.

यातून बागेत उपयोगी पडणारी एक खूण मिळते. पान गळण्यासाठी पेशी जिवंत असाव्या लागतात. म्हणून पाने पिवळी होऊन खाली पडत असतील, तर झाड अजून जिवंत आहे आणि ओझे कमी करते आहे. पाने जागच्या जागी वाळून फांदीलाच लटकून राहिली असतील, तर ती फांदी किंवा झाड झपाट्याने मेले आहे. तिथे अन्नद्रव्यांची फवारणी करण्यात अर्थ नाही. बुंधा आणि मुळेच तपासावीत.

लिंबूवर्गीय झाडे सदाहरित असली तरी त्यांचे पान कायमचे नसते. साधारण एक ते दोन वर्षे जगून ते गळते. नवती फुटताना आणि फुले येताना आतल्या भागातील थोडी जुनी पाने पिवळी होऊन पडत असतील आणि शेंडे टवटवीत असतील, तर काळजी करू नये.

आधी जागा पाहा

नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही झाडात हलणारी अन्नद्रव्ये आहेत. तुटवडा पडला की झाड ती जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देते. म्हणून यांची लक्षणे आधी खालच्या, जुन्या पानांवर दिसतात. लोह, जस्त आणि मंगल यांची हालचाल फार कमी असते. म्हणून त्यांची लक्षणे आधी नवतीवर दिसतात. एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे निदान झाडाखाली उभे राहूनच होते.

- जुनी पाने सारखी फिकट पिवळी, नवती लहान व विरळ: नत्राची कमतरता.
- जुन्या पानाच्या कडा पिवळ्या, देठाकडे उलट्या इंग्रजी व्ही अक्षरासारखा हिरवा त्रिकोण शिल्लक: मॅग्नेशियमची कमतरता. फळांचा भार जास्त असलेल्या झाडांवर आणि पालाश जास्त दिलेल्या बागेत ती लवकर दिसते.
- कोवळे पान पिवळे, पण शिरांचे बारीक हिरवे जाळे स्पष्ट. पुढे पान जवळपास पांढरट: लोहाची कमतरता.
- नवतीची पाने लहान, अरुंद, टोकदार, शिरांमध्ये पिवळे ठिपके, पेरे आखूड आणि पानांचा गुच्छ: जस्ताची कमतरता.
- पानाचा आकार नेहमीचा, शिरांच्या कडेने हिरवा पट्टा आणि मधला भाग फिकट: मंगलाची कमतरता.
- मधली शीर आणि बाजूच्या शिरा पिवळ्या, पानाचा बाकी भाग हिरवा: बुंध्याला किंवा मुळांना इजा.

शेवटची खूण नीट पाहावी. लोहाच्या कमतरतेत शीर हिरवी आणि पान पिवळे असते. इथे बरोबर उलट, शीर पिवळी आणि पान हिरवे असते. बुंध्याची साल सडली, तारेने किंवा सुतळीने आवळली गेली किंवा मुळे कुजली की असे दिसते. हे पान दिसले की फवारणी पंप खाली ठेवून फावडे हाती घ्यावे.

काळ्या जमिनीत मुळांचे काय होते?

संत्रा-मोसंबीची अन्न घेणारी बारीक तंतुमुळे मुख्यतः वरच्या एक ते दोन फुटांत असतात. या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. अन्नद्रव्ये उचलण्यासाठी मुळाला ऊर्जा लागते आणि ती ऊर्जा श्वसनातून मिळते. भारी काळी माती पावसात फुगते, तिच्यातील पोकळ्या बंद होतात आणि हवा संपते. मग पाण्यात उभे असलेले झाड तहानल्यासारखे मलूल दिसते. ते पाहून शेतकरी आणखी पाणी देतात आणि मूळ आणखी गुदमरते.

दुसरी अडचण चुनखडीची. आपल्या बऱ्याच काळ्या जमिनींचा सामू आठच्या आसपास असतो आणि त्यांत मुक्त चुना असतो. अशा जमिनीत लोह मुळाला घेता येईल अशा रूपात राहत नाही. जमीन ओली राहिली की बायकार्बोनेट वाढते आणि लोह घेणे आणखी अवघड होते. म्हणूनच पावसाळी नवती पिवळी निघते आणि वाफसा आल्यावर काही बागांत ती आपोआप हिरवी होते. बाग लावण्यापूर्वी माती तपासून मुक्त चुना १० टक्क्यांपेक्षा जास्त असलेली जमीन टाळावी, ही शिफारस यासाठीच आहे.

तिसरी अडचण फायटोप्थोरा या बुरशीची. ही बुरशी साचलेल्या पाण्यात वाढते आणि पाण्याबरोबर झाडाकडून झाडाकडे पसरते. मूळकूज, पायकूज आणि डिंक्या ही तिचीच रूपे आहेत. जंबेरी खुंट तिला लवकर बळी पडतो. कलमाचा डोळा जमिनीत गाडला गेला असेल किंवा मातीला टेकला असेल, तर धोका आणखी वाढतो.

फावडे काय सांगते?

पाने पिवळी असलेले एक आणि निरोगी एक अशी दोन झाडे निवडावीत. फांद्यांच्या घेराखाली, जिथे सावली संपते त्या जागी, एक फूट खोल खड्डा घ्यावा. दोन्ही खड्ड्यांतील मुळे शेजारी ठेवून पाहावीत.

- मुळे पांढरट-पिवळसर, तुटताना कडक आणि भरपूर तंतू: मूळ ठीक आहे. अन्नद्रव्याच्या कमतरतेचा विचार करावा.
- मुळे तपकिरी-काळी, बोटांत ओढली की साल सुटून आत दोऱ्यासारखा भाग उरतो: मूळकूज.
- मातीला गटारासारखा आंबूस वास, रंग निळसर-करडा: हवा संपली आहे, निचरा नाही.
- तंतुमुळे कापलेली किंवा फारच कमी: खोल नांगरणी किंवा रोटाव्हेटरने मुळे तुटली असण्याची शक्यता.

निचरा तपासायचा असेल तर त्याच खड्ड्यात पाणी भरावे आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. २४ तासांनंतरही पाणी उभे असेल, तर त्या बागेचे पहिले औषध चर हेच आहे.

मूळ ठीक आहे, पण कमतरता कोणती हे नक्की होत नसेल, तर सगळी बाग फवारू नये. दोन झाडांची एकेक फांदी निवडून तिच्या नवतीवर ०.५ टक्के फेरस सल्फेट आणि दुसऱ्या फांदीवर ०.५ टक्के झिंक सल्फेट फवारावे व खुणेची दोरी बांधावी. आठ ते दहा दिवसांत ज्या फांदीची कोवळी पाने हिरवी होऊ लागतील, तिने उत्तर दिले. कशानेच फरक पडला नाही, तर पुन्हा मुळाकडे वळावे.

मूळकूज किंवा डिंक्या आढळल्यास

१. दोन ओळींमधून उताराच्या दिशेने एक ते दीड फूट खोल चर काढून साचलेले पाणी बागेबाहेर काढावे. हे आधी केले नाही तर पुढचे सर्व उपाय वाया जातात.

२. बुंध्याला लागलेली माती बाजूला करून कलमाचा डोळा उघडा करावा. पाणी बुंध्याला लागू नये म्हणून दुहेरी आळे पद्धत वापरावी. ठिबकच्या नळ्या बुंध्यापासून दूर, फांद्यांच्या घेराखाली सरकवाव्यात.

३. डिंक येत असलेली सडकी साल धारदार चाकूने निरोगी भाग लागेपर्यंत खरवडावी. जखम १ टक्का पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणाने धुवावी आणि वर बोर्डो मलम लावावे. खरवडलेली साल गोळा करून जाळावी.

४. बोर्डो मलमासाठी १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत प्रत्येकी ५ लिटर पाण्यात भिजवावा आणि नंतर एकत्र करावा. तयार मलमात लोखंडी खिळा बुडवून पाहावा. खिळ्यावर तांबूस थर आला तर आणखी चुना मिसळावा. मलम त्याच दिवशी वापरावे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, असे वर्षातून दोनदा सर्व झाडांच्या बुंध्याला सुमारे तीन फुटांपर्यंत लावावे.

५. मूळकूज असलेल्या झाडांच्या वाफ्यात मेटॅलॅक्झिल व मॅन्कोझेब या संयुक्त बुरशीनाशकाची २.५ ग्रॅम प्रति लिटर पाणी या प्रमाणात आळवणी करावी. वाफा भिजेल इतके द्रावण वापरावे. खरेदीपूर्वी लेबल वाचून आपल्या भागातील कृषी विद्यापीठाची सध्याची शिफारस पडताळून घ्यावी.

६. जमीन वाफशावर आल्यावर चांगल्या कुजलेल्या शेणखतातून प्रति झाड १०० ग्रॅम ट्रायकोडर्मा द्यावा. रासायनिक आळवणी आणि ट्रायकोडर्मा एकाच वेळी देऊ नयेत.

अशा झाडांवर फळांचा भार असेल तर काही फळे काढून टाकावीत. निम्म्या मुळांवर पूर्ण बहर पोसला जात नाही. एका बहराचा मोह सोडला तर झाड वाचण्याची शक्यता वाढते. वाळलेली सल काढून कापलेल्या जागी बोर्डो मलम लावावे.

मूळ निरोगी असून अन्नद्रव्य कमी असल्यास

जस्तासाठी १०० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५० ग्रॅम भिजवून गाळलेला चुना घेऊन फवारणी करावी. चुन्यामुळे द्रावणाचा आम्लपणा कमी होतो आणि कोवळी पाने करपत नाहीत. लोहासाठी फेरस सल्फेट आणि मॅग्नेशियमसाठी मॅग्नेशियम सल्फेट ०.५ टक्के प्रमाणात फवारता येते. नवतीची पाने उघडून पूर्ण पसरली पण अजून कोवळी आहेत, तेव्हा फवारणीचा फायदा सर्वाधिक होतो. जून झालेले पिवळे पान सहसा पुन्हा हिरवे होत नाही. परिणाम पुढच्या नवतीवर पाहावा. फवारणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी करावी.

जमिनीतून लोह देताना एक गोष्ट तपासावी. चुनखडीच्या, जास्त सामूच्या जमिनीत ईडीटीए स्वरूपातील लोह टिकत नाही. तिथे ईडीडीएचए स्वरूपातील लोह उपयोगी ठरते. पिशवीवर फक्त "चिलेटेड लोह" लिहिले असेल तर कोणते चिलेट आहे ते दुकानदाराला विचारावे. साधे फेरस सल्फेट द्यायचे असेल तर शेणखतात मिसळून द्यावे, नुसते मातीत टाकू नये. स्फुरदाचा मारा जास्त झाल्यास जस्ताची कमतरता वाढते, म्हणून स्फुरद माती परीक्षणानुसारच द्यावे.

पान परीक्षण करायचे असल्यास फळ नसलेल्या फांदीवरील, साधारण सहा ते सात महिने वयाची, टोकाकडून दुसरे ते चौथे पान घ्यावे. पिवळ्या झाडांचा आणि निरोगी झाडांचा नमुना वेगळा ठेवावा. दोन्ही एकत्र केले तर अहवाल सरासरीचा येतो आणि काहीच कळत नाही.

ताणाच्या वेळची पानगळ वेगळी

बहरासाठी पाणी तोडल्यावर पाने निस्तेज होऊन काही गळतात. ही अपेक्षित पानगळ आहे, तिच्यावर फवारणी नको. मात्र ताण तोडताना एकदम भरपूर पाणी दिले की पानगळ अचानक वाढते. ताणाच्या काळात मुळांत इथिलीन तयार करणारा पदार्थ साठतो. पाणी मिळताच तो पानांपर्यंत पोहोचतो, तिथे इथिलीन बनते आणि पाने सुटतात. म्हणून पहिले पाणी हलके द्यावे आणि मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवावी. हलक्या, मुरमाड जमिनीत ताण लवकर बसतो. शेजाऱ्याच्या भारी जमिनीतील दिवस मोजून आपल्या बागेचा ताण लांबवू नये.

एकच फांदी पिवळी असेल तर

संपूर्ण झाड हिरवे आणि एखादीच फांदी पिवळी असेल, तर आधी त्या फांदीवर साल खाणाऱ्या अळीची जाळी, छिद्र किंवा जखम आहे का ते पाहावे. तसे नसेल आणि पानावर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे, न जुळणारे पिवळे डाग असतील, तर ग्रीनिंगचा संशय घ्यावा. अन्नद्रव्याच्या कमतरतेत दोन्ही बाजू सारख्या दिसतात. ग्रीनिंगमध्ये त्या जुळत नाहीत. हा जिवाणूजन्य रोग सिट्रस सिल्ला या किडीमार्फत आणि रोगट कलमांतून पसरतो. रोगट झाड बरे करणारा उपाय उपलब्ध नाही. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्थेत किंवा कृषी विद्यापीठात नमुना तपासून घ्यावा, नवतीवरील सिल्लाचे नियंत्रण करावे आणि रोग निश्चित झाल्यास झाड काढून टाकावे. नवीन कलमे खात्रीशीर रोपवाटिकेतूनच घ्यावीत.

अंगणातील कुंडीतले लिंबू

घरच्या कुंडीतील लिंबू, जास्वंद किंवा मनी प्लांटची पाने पिवळी पडली तरी क्रम हाच ठेवावा. कुंडी म्हणजे चर नसलेले छोटे शेतच. आधी तळाचे छिद्र मोकळे आहे का ते पाहावे आणि खालच्या ताटलीतले साचलेले पाणी ओतून टाकावे. बोट दोन पेरे मातीत घालून माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. निव्वळ काळ्या मातीत भरलेली कुंडी पावसाळ्यात गुदमरते. माती, वाळू आणि शेणखत मिसळून ती पुन्हा भरावी.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी तपासणीचा क्रम

बागेला भेट देताना पुढील प्रश्न याच क्रमाने विचारावेत.

१. पिवळेपणा जुन्या पानांवर आहे, नवतीवर आहे की एकाच फांदीवर?
२. शीर हिरवी आहे की पिवळी?
३. पाने गळत आहेत की फांदीवरच वाळून लटकत आहेत?
४. पिवळी झाडे विखुरलेली आहेत, की सखल भागात किंवा पाण्याच्या वाटेवर एकत्र आहेत?
५. मुळे उघडून पाहिली का? बुंध्यावर डिंक आहे का?
६. गेल्या दोन महिन्यांत नांगरणी, ताण, जोरदार पाऊस किंवा जास्त खत यांपैकी काय झाले?

चौथा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो. बागेतील पिवळ्या झाडांचा कागदावर साधा नकाशा काढला आणि ती सगळी सखल कोपऱ्यात निघाली, तर शिफारस चर काढण्याची करावी. शेतकऱ्याने दुकानातून आणलेली बाटली त्या कोपऱ्यात उपयोगी पडणार नाही.

ज्या बागेत यंदा पाने पिवळी पडली, तिथे उन्हाळ्यात तीन कामे उरकून ठेवावीत: उताराला धरून चर काढणे, बुंधे मोकळे करणे आणि पावसाआधी बोर्डो मलम लावणे. ती झाली की पुढच्या पावसाळ्यात "काय फवारू" हा प्रश्न पडण्याची वेळ कमी येईल.